फटाक्यानं किती जण जखमी झाले, हे मोजतं कोण?

परवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं टाकलं की यंदा दिवाळीत फटाक्यानं भाजल्याच्या केसेस कमी झाल्या, लोक शहाणे झाले. वाचून मला राग आला, म्हणून लिहितोय, लांब होईल पण वाचा.

माझ्या काकाची उजव्या हाताची दोन बोटं सुतळी बॉम्बनं गेली. दिवाळीत नाही, सप्टेंबरमधे, जागलीवर. ज्यांच्या वावरात डुकरं अन् रोही (नीलगायी) येतात त्यांना सांगायला नको, रात्रभर मचाणावर बसायचं, डबा वाजवायचा आणि कळप शिरलाच तर बॉम्ब पेटवून फेकायचा. त्या रात्री भुरभुर पाऊस होता, वात विझली असं वाटून काकानं हातातच धरून फुंकली आणि फुटला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर चिठ्ठीवर काय, "हाताला जखम". कशानं, ते नाहीच. नंतर काका म्हणे, "कोणं इचारलंच नाई बाबू, अन् म्या बी सांगतलं नाई, पोलीस केस झाली असती तं मांगं कोण फिरलं असतं?"

आता हा माणूस कोणत्या आकड्यात आला?

आजार-इजांच्या आंतरराष्ट्रीय यादीत (आयसीडी-१०) फटाक्याच्या इजेला वेगळा कोड आहे, डब्ल्यू ३९. पण कारणच लिहिलं नाही तर कोडचं काय करता. एनसीआरबी (गुन्ह्यांच्या न अपघातांच्या नोंदी ठेवणारा केंद्राचा विभाग) दरवर्षी अपघाती मृत्यूंचा अहवाल काढते, तो मुख्यतः मेलेल्यांचा, पोलिसांपर्यंत गेलाच नाही असा बोट गेलेला किंवा डोळा गेलेला माणूस त्यात येत नाही. राहिला पेपरातला आकडा, तो दिवाळीच्या चार दिवसांचा आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यांचा. गायगोधनाच्या (पाडव्याच्या) दिवशी गावात ज्या पोट्ट्याचा हात भाजतो त्याला घरीच टूथपेस्ट लावतात, लय झालं तर मेडिकलातून ट्यूब आणतात, तो त्यात कुठून येणार?

अमेरिकेत सुमारे १०० दवाखान्यांच्या इमर्जन्सीतल्या नोंदींवरून अख्ख्या देशाचा अंदाज काढतात. २०२३ ला ९,७०० जखमी, २०२४ ला १४,७००, म्हणजे एका वर्षात दीडपट. खरंच तेवढे वाढले की निवडलेल्या दवाखान्यांतच जास्त आले, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, आणि जो दवाखान्यात गेलाच नाही तो तिथंही सुटतोच. पण कोणत्या वस्तूनं लागलं ते तिथं लिहितात, म्हणून २०२४ मधे नुसत्या फुलझड्यांच्या १,७०० केसेस असा अंदाज ते देऊ शकतात. आपल्याकडे फुलझडी, अनार, बॉम्ब, सगळं एकाच "भाजला" मधे जातं, तेही लिहिलं तर.

२०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात कार्बाइड गननं किती पोरांचे डोळे गेले ते आठवा. प्लास्टिकचा पाइप, कार्बाइड, पाणी, त्यातून ॲसिटिलीन गॅस आणि धडाका. प्रत्येक बातमीत आकडा वेगळा होता. तरी ते मोजले तरी गेले, कारण एकदम इतके आले. वांदरं हाकलायला असले पाइप वर्षभर वापरतात, त्यात एकेकटा जखमी होतो त्याची बातमीही होत नाही. आणि मग आपण म्हणतो केसेस कमी झाल्या.

मी एक वही केलीय. आपल्या गावात, आजूबाजूच्या गावात कोणाला लागलं असेल तर मला सांगा, नाव नका सांगू, महिना, कशानं आणि कुठं लागलं एवढंच सांगा. पहिली ओळ लिहून झाली: सप्टेंबर, जागल, सुतळी बॉम्ब, उजवा हात, दोन बोटं.