तिसरी रांग

महिनोन्‌महिने जागरणं करून एखादं प्रोजेक्ट लाइव्ह गेलं, की दुबईतल्या कंपन्या टीमला बक्षीस म्हणून वाळवंटात नेतात. शिक्षा म्हणून कुठे नेत असतील, कल्पना करवत नाही.

आयोजनाचं काम टीममधल्या सगळ्यांत दमलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं. तो बिचारा एक्सेल उघडतो आणि व्हेज, नॉनव्हेज, जैन असे रकाने पाडतो. पाठीचं दुखणं कुणाला आहे, गरोदर कोण आहे, हेही विचारावंच लागतं, कारण त्यांना वाळूच्या टेकड्यांवर उसळत जाणाऱ्या गाडीत बसवत नाहीत. खरी मेख मात्र पुढच्या रकान्यात आहे. लँड क्रूझरमध्ये ड्रायव्हर सोडून सहा जण बसतात: पुढे एक, मध्ये तीन आणि मागे दोन. साहेबांचा मान म्हणून पुढची सीट साहेबांना आणि नव्याने लागलेली पोरं तिसऱ्या रांगेत, ही आपली पद्धत. वाळूत ती अंगाशी येते. तिसऱ्या रांगेत उसळी जास्त बसते आणि डोळ्यांसमोर फक्त पुढच्या सीटची पाठ असते. कान सांगतात आपण हलतोय, डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. ज्यांना वरंधा घाटात पिशवी लागते त्यांना पुढे बसवून क्षितिजाकडे बघायला सांगावं आणि मजबूत पोटाच्या साहेबांना मागे धाडावं. हे शीटमध्ये लिहिण्याची छाती असलेला आयोजक अजून जन्माला यायचाय.

दुपारी तीनच्या सुमाराला गाडी न्यायला येते. त्याआधी टीम लंचला बिर्याणी ठेवणं म्हणजे घातपात. बाराच्या आसपास दहीभातासारखं हलकं काहीतरी खावं. अगदी उपाशी राहण्यानेही मळमळ टळत नाही. उलटीची गोळी निदान अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. टेकडीच्या माथ्यावर घेतलेली गोळी फार तर श्रद्धेचा भाग. तिने झोप येते म्हणतात, पण प्रोजेक्ट संपलेल्या माणसाला त्यासाठी गोळी लागत नाही.

दुबईहून हत्ता गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाहबाबचं वाळवंट लागतं. तिथली वाळू लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस दिसते. डांबर संपलं की गाड्या थांबतात आणि टायरमधली हवा सोडतात, ३५ पीएसआयवरून (हे हवेच्या दाबाचं माप) साधारण १५ ते १८ वर. टायर पसरतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी तरंगतं. फारच उतरवली आणि वळण जोरात घेतलं, तर टायर रिमवरून निसटतो. फुसफुस चालू असताना टीममधला एक जण ड्रायव्हरला यात सुधारणा सुचवतोच.

टेकडीची उभी बाजू तेहतीस-चौतीस अंशांची असते. कोरडी वाळू त्याहून तीव्र उतारावर टिकतच नाही. तिथून गाडी नाक खाली करून सरळ उतरवायची असते, आडवी झाली तर कलंडते. आणि मागून ‘अहो, हळू!’ असं ओरडू नये; चढताना वेग मेला की गाडी अडकते. अडकलीच, तर अॅक्सिलरेटर दाबायचा नाही, चाकं आणखी खोल जातात. चाकांपुढची-मागची वाळू हाताने उपसायची, हवा अजून थोडी सोडायची आणि आपल्याच चाकोरीतून मागे यायचं. तेही जमलं नाही तर दुसऱ्या गाडीला पट्टा लावायचा. या वेळी काठावर उभं राहून ‘किती वेळ लागेल?’ विचारणारा माणूस प्रोजेक्ट मॅनेजर असतो.

बूट वाळूने भरतात, म्हणून चपला बऱ्या. हिवाळ्यात सूर्य बुडाला की वाळू झपाट्याने गार पडते, स्वेटर हवाच. मोबाईल झिपच्या पिशवीत ठेवावा. चार्जिंगच्या खाचेत वाळू गेली तर पिन घुसवू नये, आधी ती झटकून काढावी.

उंट आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे उठताना स्वार पुढे फेकला जातो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे पुन्हा पुढेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि दोन्ही हातांनी दांडा धरायचा. सेल्फीसाठी तिसरा हात लागतो.

तळावर खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, देतात. पेला इवलासा, पण तो हलवून दाखवला नाही तर पुन्हा भरतात, अशी तिकडची रीत. आपली माणसं संकोचाने पीत राहतात आणि रात्री टक्क जागी. कमरेभोवतीच्या घागऱ्यात दिवे लावून गरगर फिरणारा तनूरा नर्तक बघून तिसऱ्या रांगेतल्यांना पुन्हा कसंतरी होतं. त्यांनी तेवढा वेळ ताटाकडे बघावं.

परतीला डांबर लागलं की कॉम्प्रेसरने हवा भरावीच लागते, नाहीतर हायवेच्या वेगात मऊ टायर तापून फुटू शकतो. चारही चाकं ३५ वर येईपर्यंत सगळे फोन काढतात. ज्याची त्या रात्री ऑन-कॉल ड्यूटी आहे, त्याने आपला पिशवीतच राहू द्यावा. खाचेत वाळू गेली, हे कारण सोमवारपर्यंत कुणी तपासायला येत नाही.