स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही, तो मेसेज फिरवू नका
‘व्हीएमवेअरमध्ये रोज रात्री स्नॅपशॉट घ्या, वेगळा बॅकअप लागत नाही’ असा मेसेज सिस्टिम ॲडमिन लोकांच्या ग्रुपवर फिरतोय, तो चुकीचा आहे. व्हीएमवेअर म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल (आभासी) मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि स्नॅपशॉट म्हणजे अशा मशीनची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं, गरज पडली तर तिथं परत जाता यावं म्हणून. स्नॅपशॉट घेतला की डिस्कची कॉपी होत नाही, मूळ फाइल तिथंच राहते, फक्त तिच्यात लिहिणं थांबतं आणि नवे बदल शेजारच्या, नावात ०००००१ असलेल्या डेल्टा (फक्त बदलांच्या) फाइलमध्ये जातात, डेटास्टोअर (या फाइल जिथं ठेवतात ती स्टोरेजची जागा) उघडून स्वतःच बघा ना. म्हणजे मूळ डिस्क गेली की डेल्टाचा काडीचा उपयोग नाही. वर ती फुगून डेटास्टोअर भरला तर चालू मशीनही अडकतं. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं व्हीएमवेअरच सांगतं. पॅच (सॉफ्टवेअरचा अपडेट) टाकण्याआधी स्नॅपशॉट खुशाल घ्या, काम झालं की डिलीट करा (बदल मूळ डिस्कमध्ये मिसळतात, डेटा जात नाही, घाबरू नका), बॅकअप मात्र वेगळ्या स्टोरेजवरच. तो मेसेज आला तर प्लीज पुढे पाठवू नका.