गुळानं फुफ्फुस धुतलं जात नाही

सावनेर, सिलेवाडा, वलनी, इकडच्या नागपूर भागातल्या कोळसा खाणवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला. रोज गूळ खा, कोळशाची सगळी धूळ फुफ्फुसातून निघून जाते, दम्याचा पंप-बिंप सब कंपन्यांचा धंदा, खाणवाल्यांचा दमा बिडीचा असतो, अन् आता ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खोदलेली खाण आहे तर कोणाला काही होत नाही. आमच्या मामांनी हे वाचून पंपच बंद केला. सगळी नोकरी अंडरग्राउंडला गेली त्यांची, जिना चढले की धाप लागते, अन् शुगर असताना आता रोज गुळाचा खडा तोंडात. डोकं फिरलं म्हणून लिहून राहिलो.

गूळ पोटात जातो भाऊ, फुफ्फुसात नाही. धुळीचे मोठे कण नाकात-घशात अडकतात अन् काळ्या बेडक्यातून बाहेर पडतात, ते शरीर गुळाशिवायही करतेच. घात करतात ते बारीक कण, 5 मायक्रॉनहून लहान, ते पार वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात, तिथल्या पेशी त्यांना गिळतात पण पचवू शकत नाहीत, मग सूज, मग कडक गाठी, त्यालाच फायब्रोसिस म्हणतात. झालेलं फायब्रोसिस मागे फिरवणारं औषध नाही, अन् खाण सोडल्यावरही ते वाढू शकते.

आता एक मान्य करावं लागते. 1994 मध्ये लखनौच्या इंडस्ट्रियल टॉक्सिकॉलॉजी रिसर्च सेंटरच्या लोकांचा पेपर आला होता, 'एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ज' मध्ये. उंदरांच्या फुफ्फुसात कोळशाची, सिलिकाची (दगडा-वाळूतला खनिज) धूळ सोडली, 90 दिवस गूळ दिला, तर गूळवाल्या उंदरांत धूळ जास्त बाहेर सरकली, इजा कमी दिसली. मेसेजवाले नाव न घेता हेच ताणतात. पण ते उंदीर होते! वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या, गाठी होऊन बसलेल्या माणसाचं फुफ्फुस गुळानं साफ झालं असं त्यात कुठंच नाही, अन् दम्याचा पंप बंद करा हे तर बिलकुलच नाही.

बिडीनं त्रास वाढतो, खरंय. पण बिडीला हात न लावणाऱ्यांनाही न्यूमोकोनिओसिस होतो, म्हणजे धुळीनं फुफ्फुसात गाठी होण्याचा हाच आजार. आपल्या सरकारनं 1952 मध्येच तो खाण कायद्याखाली नोटिफाइड आजार केला, म्हणजे झाला की सरकारला कळवावाच लागते, अन् तो धुळीचा आजार म्हणून. अमेरिकेच्या कामगार खात्याचा हिशेब आहे की 1968 पासून 76,000 हून जास्त खाणकामगारांच्या मृत्यूला हा आजार कारण ठरला किंवा त्यात भर घातली. एवढे सगळे बिडीनं मेले का?

ओपनकास्टमध्ये काही होत नाही, हेही तसंच खोटं. ड्रिलवाल्याच्या नाकात वरच्या दगडाची सिलिका जाते, ती कोळशाहून वाईट.

ज्यांच्या घरी खाणीतून रिटायर झालेलं माणूस आहे त्यांनी पंप मनानं बंद करू देऊ नका. छातीच्या डॉक्टरकडं न्या, अन् आत गेल्या गेल्या सांगा की किती वर्षं खाणीत होते, फेसवर (जिथं कोळसा तोडतात तिथं) होते का ड्रिलवर. एक्स-रेत हा आजार टीबीसारखा दिसू शकते, खाणीचं सांगितलंच नाही तर डॉक्टरला तरी कसं कळणार. नोकरीतल्या तपासणीच्या जुन्या फिल्मा घरात पडल्या असतील तर त्याही सोबत न्या.