नमस्कार कर... कर ना!

पाहुणे दारात, चपला अजून पायात, आणि आपला हात पोराच्या मानेवर. "नमस्कार कर. कर ना! एरवी तर छान करतो हो." पोर आईच्या ओढणीत शिरतं. मग ठरलेलं वाक्य येतं, "फार लाजाळू आहे." हे चारदा कानावर पडलं की पाचव्यांदा पोर स्वतःच सांगतं, मी लाजाळू आहे.

बहुतेक वेळा लाजेचा प्रश्नच नसतो. अनोळखी चेहरा, मोठा आवाज, सगळ्यांच्या नजरा, वर हुकूम, इतकं सगळं तीन वर्षांच्या जिवाला एकदम पेलत नाही. पाहुणे टेकले, पाणी झालं, की पाच-दहा मिनिटांत तेच पोर आपली मोटार दाखवायला येतं. नमस्काराची वेळ ती. दारातला नमस्कार आपण करायचा, त्याच्या देखत.

टाटा करणं वर्षाच्या आतबाहेर जमतं, हात जोडणंही त्याच सुमारास. पण हात आणि शब्द जोडीनं यायला वेळ लागतो. दोन-अडीच वर्षांचं मूल हात जोडतं तेव्हा तोंड मिटलेलं असतं, बोलतं तेव्हा हात विसरतं. दोन्हीतलं एकच मागा. हात जोडताना बोटं एकमेकांत अडकतात, हात नाकासमोर जातात आणि नजर फरशीवर. म्हणून क्रम असा: आधी माणसाकडे बघायचं, मग तळवे छातीशी, मान सगळ्यात शेवटी. काही मुलांना नजरेला नजर देणं खरंच जड जातं, त्यांच्यामागे त्यासाठी लागू नये.

वाकून नमस्कार चार वर्षांनंतर. त्याआधी पोर धावत येतं आणि डोकं थेट आजोबांच्या गुडघ्यावर आदळतं. "आजोबा थांबलेत का बघ, मग वाक" एवढं शिकवलं तरी निम्मे अपघात टळतात. गुडघे दुखणाऱ्या आजीला ती खुर्चीत बसलेली असताना करावा, आडव्या पडलेल्या माणसाला करू नये. आणि आजी-आजोबा, फोनमधून मान वर काढा हो! पोर वाकलंय आणि वरून "औक्षवंत हो" येत नाही, तर पुढच्या वेळी त्यानं का वाकावं?

इंदूरच्या आपल्या घरांचा घोळ याच्या पुढचा. रामबागेतलं असो की लोकमान्य नगरातलं, मराठी पोर फाटकाबाहेर पडलं की हिंदीत शिरतं. 'तुम्ही'चं 'तुम' करून शेजारच्या वयस्कर शर्माजींना विचारतं, "तुम कैसे हो?" घरी तो आदर, तिथे तो आगाऊपणा. व्याकरण समजावत बसू नका, "आप कैसे हैं" हे अख्खं वाक्यच तोंडात बसवा. गल्लीतलं "भिया राम" झकासच, पण ते दोस्तांत, मॅडमना "नमस्ते". शेजारी जैन असतील तर "जय जिनेंद्र", सरदारजींना "सत श्री अकाल", सिंधी काकांना "जय झूलेलाल", बोहरा दुकानदारांना "सलाम". समोरचा आपल्याला जे म्हणेल तेच हसून परत म्हणायचं, हा नियम सहा वर्षांच्या मुलालाही पुरतो. पोपटासारखी सगळी एका दिवसात पाठ करून घेऊ नका. ज्या घरी जायचंय तिथलं एकच, जिना चढताना, दोनदा.

निरोपाचा नमस्कार तर आपण शिकवतच नाही. मराठीत "जातो" म्हणून कोणी उठत नाही, "येतो" म्हणतात. हिंदीतलं "जा रहा हूँ" डोक्यात घेऊन पोर आजीला "जातो" म्हणतं आणि आजी दचकते. हे शाळेत कोणी शिकवणार नाही, दारात उभं राहून आपणच म्हणून दाखवायचं.

आता खटकणारं. "काकांना पापी दे" हा नमस्कार नव्हे. शाळेत मुलांना सांगायचं की नको वाटलं तर 'नको' म्हण, आणि घरी त्याच 'नको'ला हट्ट म्हणायचं? दोन पर्याय ठेवा, "टाळी देतोस की हात जोडतोस?" दोन्ही नको असेल तर लांबून टाटा. काका रुसले तर रुसू देत. आणि चॉकलेट दाखवून करवलेला नमस्कार चॉकलेट संपेपर्यंतच टिकतो.

सरावाला संक्रांतीसारखा सण नाही. हातात तिळगुळाचा डबा असला की बुजऱ्या पोरालाही काम मिळतं, आणि वाक्य आयतंच असतं. डबा छोटा, चिमुकल्या हातात मावणारा. लाडवांपेक्षा वड्या बऱ्या, घरंगळत नाहीत. उजव्या हातानं द्यायचं, आधी "घ्या", मग "गोड बोला". अगदी लहान असेल तर "तिळगूळ घ्या" एवढंच पुरे. रथसप्तमीपर्यंत अवधी असतो, तेव्हा एका संध्याकाळी तीन-चार घरं बास. पाचव्या घरी डबा उपडा होतो आणि पोर खाली बसून स्वतःच खायला लागतं.