पिकअपला ३३चे टायर: फिरणाऱ्या सल्ल्यात किती तथ्य?

पिकअप घेणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला हमखास येऊन पडतो. थोडक्यात असा: गाडी घरी आली की आधी ३३ इंची मड टायर (चिखलासाठीचे, मोठ्या खाचांचे) टाका. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा) तीन इंच वाढतो. रुंद टायरमुळे गाडी चिखलात रुतत नाही. पकड वाढते म्हणून ब्रेकही चांगले लागतात. ॲव्हरेज एखाद्या किलोमीटरने कमी होतं, बाकी काही नाही. घासलं तर लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करणारे भाग) टाका, विषय संपला.

यातलं थोडं खरं आहे, बरंच अर्धवट आहे आणि ब्रेकबद्दलचं वाक्य धोकादायक आहे. हिशेबासाठी टोयोटा हायलक्सचा १७ इंची टायर घेऊ. इसुझू व्ही-क्रॉसचे आकडे थोडे वेगळे येतील, पण गणित तेच.

‘क्लिअरन्स तीन इंच वाढतो’

मूळ टायर २६५/६५ आर १७. रुंदी २६५ मिमी. तिच्या ६५ टक्के म्हणजे १७२ मिमी साईडवॉल, वरची-खालची मिळून ३४४.५ मिमी. त्यात १७ इंची रिमचे ४३१.८ मिमी मिळवले की टायरची उंची ७७६ मिमी, म्हणजे साडेतीस इंच. ज्याला सगळे ३३ म्हणतात तो २८५/७० आर १७. त्याची उंची ८३१ मिमी, म्हणजे ३२.७ इंच. फरक ५५ मिमीचा. गाडी मात्र त्याच्या निम्मीच उचलली जाते, कारण ॲक्सल टायरच्या मधोमध असतो. हातात येतात २७ मिमी. जेमतेम एक इंच.

हा एक इंच क्षुल्लक नाही. या पिकअपना मागे सरळ ॲक्सल आणि पाटे असतात आणि मधला डिफरन्शिअलचा (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गियरचा) गोळा हाच मागच्या बाजूचा सगळ्यात खालचा भाग. लिफ्ट किटने बॉडी आणि चासी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो. ट्रॅक्टरच्या चाकोरीत मधला उंचवटा गोळ्याला घासत असेल तर त्यावर उपाय उंच टायरच. इतपत सल्ला बरोबर आहे. पण तीन इंचांच्या भरवशावर दगडावर गाडी घातली, तर दोन इंच कमी पडणार आहेत.

१८ इंची रिमवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. २६५/६० आर १८ ची उंची ७७५ मिमी, म्हणजे १७ इंची टायरइतकीच. मात्र साईडवॉल १५९ मिमी. रिम १७ची केली तर उंची न बदलता १३ मिमी जास्त रबर मिळतं. खडकावर रिम वाचते आणि हवा कमी करायला वाव राहतो. त्याच मॉडेलला कंपनी १७ची चाकं देत असेल तर ती ब्रेक कॅलिपरवरून बसतात का, एवढंच तपासायचं.

‘जितका रुंद, तितका चिखलात बरा’

टायर जमिनीला किती टेकतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चाकावरचं वजन आणि आतली हवा. एका चाकावर ५०० किलो आणि हवा ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असेल, तर ढोबळ हिशेबाने टेकणारं क्षेत्र २२० चौरस सेंमी. त्याच टायरची हवा १८ वर आणली की ३९५. साईडवॉलच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात वाढ याहून कमी मिळते. पण रुंदी २६५ वरून २८५ केल्याने मिळणाऱ्या सात-आठ टक्क्यांशी तुलना करून बघा. शिवाय हवा कमी केली की टायर लांबीला जास्त पसरतो आणि मऊ जमिनीत तेच कामाला येतं. रुतणाऱ्या बहुतेक गाड्यांना टायरपेक्षा हवा मोजायचं गेज आणि छोटा कॉम्प्रेसर यांची गरज जास्त असते.

मग येते माती. कोकणात वर लाल चिखलाचा थर आणि खाली मुरूम किंवा जांभा, असं पुष्कळ ठिकाणी असतं. तिथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थराला भिडतो. रुंद टायर वरच्या वर तरंगतो आणि गोल फिरतो. नदीपात्रातल्या वाळूत उलट. तिथे रुंदी आणि कमी हवा दोन्ही उपयोगी. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचा प्रश्न तिसराच. ती टायरच्या खाचांत ठासून बसते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. मड टायरच्या मोठ्या खाचा चाक जोरात फिरल्यावर ती माती फेकून देतात, ऑल टेरेनला (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या टायरला) तेवढं जमत नाही. पावसाळ्यात रोज अशा शेतात जाणाऱ्याने मड टायर जरूर घ्यावा. पण तिथे काम करते ती खाच. ३३चा आकडा नाही.

‘पकड वाढते, म्हणून ब्रेक चांगले लागतात’

हा मुद्दा आम्हाला सगळ्यात जास्त खटकतो.

ब्रेक चाकाला अडवतो तो ठरावीक टॉर्कने, म्हणजे फिरणं अडवणाऱ्या जोराने. टायर उंच झाला की तोच टॉर्क लांबलेल्या त्रिज्येवर काम करतो. उंची सात टक्के वाढली, तर पेडल तितकंच दाबून रस्त्यावर मिळणारा रोध साडेसहा-सात टक्क्यांनी घटतो. ताठ साईडवॉलचा २८५चा मड टायर मूळ टायरपेक्षा सात ते दहा किलो जड असू शकतो आणि हे वजन चाकाच्या कडेला फिरतं. ते थांबवायचं कामही त्याच ब्रेकचं.

मड टायरचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद, आणि पाण्याचा पातळ थर कापणाऱ्या बारीक चिरा कमी. म्हणून ओल्या डांबरावर तो मूळ टायरपेक्षा लांब जाऊन थांबतो. त्यात पिकअप रिकामी असेल तर मागच्या चाकांवर वजनच नसतं. रिकामा हौदा, मड टायर, नेहमीपेक्षा जास्त हवा आणि पावसातलं घाटाचं वळण एकत्र आलं की मागची बाजू फार लवकर निसटते. वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला तरी ती सुटू शकते.

उतारावर आणखी एक तोटा. उंच टायरमुळे सगळे गियर सात टक्के लांब होतात: फायनल ड्राइव्ह (ॲक्सलमधलं शेवटचं गियर-गुणोत्तर) ३.९ असेल तर ती ३.६४ असल्यासारखी वागते. इंजिनाचा रोध तेवढा कमी मिळतो, पाय ब्रेकवर जास्त वेळ राहतो, ब्रेक तापतात. ३३ टाकलेच असतील तर आंबेनळी किंवा आंबोलीसारखा घाट उतरताना नेहमीपेक्षा एक गियर खाली ठेवा. लो रेंजमध्येही (फोर बाय फोरच्या हळू, ताकदीच्या गियरमध्ये) गाडी पूर्वीपेक्षा जोरात सरकते, हे दगडांवरून उतरताना जाणवतं.

‘ॲव्हरेजला किरकोळ फरक’

इथे दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. टायर मोठा झाला की ओडोमीटर कमी मोजतो. मीटरवर ६५० किमी दिसले तर गाडी ६९५ च्या आसपास गेलेली असते. ६२ लिटर डिझेल लागलं तर मीटरप्रमाणे १०.५चं ॲव्हरेज, प्रत्यक्षात ११.२. म्हणून आधी मीटरचा आकडा १.०७ ने गुणा आणि मग तुलना करा. त्यानंतरही घट दिसते, कारण वजन, रुंदी आणि खडबडीत खाचांचा रोध खराच आहे. शहरात सारखी थांबत-निघत चालणाऱ्या गाडीला ती जास्त जाणवते.

स्पीडोमीटरही तसाच मागे राहतो. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्त वेग दाखवत असतो, त्यामुळे काही फरक तिथे जिरतो. सगळा जिरेलच असं नाही. मोबाईलच्या जीपीएसशी ६०, ८० आणि १०० ला पडताळून घ्या. आणि दहा हजारांची सर्व्हिस मीटरवर ९,३०० झाले की करा.

‘घासलं तर लिफ्ट किट टाका’

टायर घासतो तो बहुधा वर नाही, मागे-पुढे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडफ्लॅपला, आतल्या प्लॅस्टिक अस्तराला आणि त्यामागच्या बॉडी माउंटला (बॉडी चासीला जोडणाऱ्या भागाला) लागतो. लिफ्टने त्यावर थोडाच फरक पडतो. शिवाय पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने गाडी जितकी उचलाल तितका ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो. रबर बूट फाटतं, ग्रीस उडून जातं, मग सांधा कटकटायला लागतो. दोन इंचांच्या वर गेलात तर कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा पुढे-मागे कल) जुळवायला सस्पेन्शनचे वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागू शकतात. म्हणजे टायरचा खर्च टायरवर थांबत नाही.

रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला बसणारी बाजू किती मिमी दूर आहे ते) हे न सांगितलं जाणारं कारण. मूळ +३० च्या जागी शून्य ऑफसेटची रिम घेतली की चाक ३० मिमी बाहेर येतं. दिसायला भारदस्त, पण वळताना टायर मोठा वर्तुळखंड कापतो आणि बॉडी माउंटला हमखास भिडतो. बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यात हातातून हिसका देतं. २८५/७० ला रिमची रुंदी साधारण साडेसात ते नऊ इंच लागते. मूळ साडेसातची रिम चालते, पण अगदी खालच्या टोकाला.

तपासणी दुकानातच करून घ्या. आधी एकच टायर पुढे बसवा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन गाडी पुढे-मागे घ्या. मागे घेताना घासणं वेगळ्या जागी सापडतं. मग तिरक्या दिशेने एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवा, म्हणजे सस्पेन्शन दबेल, आणि पुन्हा वळवा. टायरच्या खांद्याला खडू फासून ठेवलात तर कुठे लागलं ते लगेच कळतं.

स्टेपनी, हवा आणि वजन

याबद्दल त्या सल्ल्यात अवाक्षर नाही. स्टेपनी हौद्याखाली साखळीला टांगलेली असते आणि ३३चा टायर त्या जागेत बसेलच असं नाही. जुनी स्टेपनी तशीच ठेवली तर मागच्या ॲक्सलवर दोन चाकं दोन उंचींची येतात. डिफरन्शिअल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो आणि तापतो. अशा अवस्थेत डिफ लॉक (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं कुलूप) किंवा फोर व्हील टाकू नका. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात, उंचीतला फरक थेट गियरवर येतो.

टायरवर कोरलेले ८० पीएसआय ही कमाल मर्यादा आहे, भरायची हवा नव्हे. दुसरीकडे दरवाजावरच्या स्टिकरचा आकडा मूळ टायरसाठी आहे. ‘एलटी’ (लाइट ट्रक) लिहिलेल्या टायरला तेच वजन पेलायला जास्त हवा लागते. स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त ठेवून सुरुवात करा, तळव्यावर आडवी खडूची रेघ मारा, सपाट डांबरावर शंभर मीटर सरळ चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. चिखलात १८-२०, वाळूत १५-१६, वेग तीसच्या आत. रस्त्यावर येताच पुन्हा भरा, नाहीतर साईडवॉल तापून फाटतो.

लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा कोड) मूळ ११२ (११२० किलो) पेक्षा खाली नको. १२१ (१४५० किलो) घेतलात म्हणून हौद्यात जास्त माल भरता येतो, असंही नाही. पाटे, ॲक्सल आणि आरसीवरचं वजन तेच राहतं.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला दुसरा साईज सर्वांत सुरक्षित. त्यापलीकडे जाणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारा. अपघातानंतर हा प्रश्न आपल्या बाजूने सुटेल असं गृहीत धरू नका.

मग घ्यायचं काय?

आठवडाभर डांबर आणि महिन्याला एखादी कच्ची वाट असेल, तर मूळ साईजमध्येच चांगला ऑल टेरेन घ्या. डिफचा गोळा खरोखर घासत असेल आणि विम्याची बाजू पक्की केली असेल, तर २६५/७० आर १७. त्याची उंची ८०३ मिमी, वाढ साडेतीन टक्के, क्लिअरन्स १३ मिमी जास्त. रुंदी तीच असल्याने मूळ रिम चालते आणि घासण्याचा त्रास झालाच तर मडफ्लॅपपुरता. स्टेपनीची जागा तरीही मापून घ्या. ३३ त्यांनीच घ्यावेत ज्यांचं काम खडकातलं आहे आणि ज्यांनी सस्पेन्शन, ब्रेक आणि पाचव्या टायरचा खर्च आधीच धरला आहे.

घेताना साईडवॉलवरचे चार अंक वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही टायर एकाच सुमाराचे असू द्या आणि आठ-दहा हजारांवर स्टेपनीसकट जागा बदला. नट हवेच्या गनने ठोकून घेऊ नका. पुस्तिकेतल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा, आणि ५० ते १०० किमी चालल्यावर तोच पाना पुन्हा लावा.