कंबरमोडी चोळा, टाके टाळा?

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की हा मजकूर गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतो: ‘आदिवासी हजारो वर्षांपासून कंबरमोडीचा पाला चोळून कोणतीही जखम तीन दिवसांत बरी करतात. टाके नको, धनुर्वाताचं इंजेक्शन नको, साइड इफेक्ट शून्य.’ शेताच्या धुऱ्यावर उगवणाऱ्या या तणाचा पाला जखमेवर लावतात, हे खरं आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘हजारो वर्षांपासून’: कंबरमोडी मूळची अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली, इकडे आली ती गेल्या काही शतकांत. परकं तण पारखून गोंड-कोरकू आदिवासींनी औषधात घेतलं, हे उलट जास्त कौतुकाचं.

‘कोणतीही जखम’: विळा ओझरता लागला, काट्यानं ओरबाडलं, तेवढ्यापुरता हा पाला. उकिरड्याजवळचा नको, फवारणी झालेल्या धुऱ्यावरचा तर नकोच. आधी जखम साबण-पाण्यानं धुवायची. हात आणि आठ-दहा कोवळी पानं धुऊन ती चुरगाळायची, नुसत्या रसाचे चार थेंब पिळायचे. वर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं दाबून धरायचं, मधे उचलून पाहायचं नाही. रक्त थांबवण्यात या दाबाचा वाटा मोठा, श्रेय मात्र सगळं पाल्याला. चोथा आत भरला तर वाळून खपलीत रुततो. काढायला गेलं की जखम पुन्हा उघडते, नाहीतर खाली पू धरतो.

‘टाके नको’: कुऱ्हाडीचा घाव असेल, कडा मिटत नसतील, बोट वाकत नसेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तर कापड दाबून थेट दवाखाना गाठा. पाला भरून रात्र काढली की पुष्कळदा घाव लगेच शिवता येत नाही.

‘इंजेक्शन नको’: सगळ्यात घातक ओळ ही. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणखतात असतात. खिळा किंवा काटा खोल गेला की वरून तोंड बुजतं आणि आत, हवा नाही तिथं, ते वाढतात. वर पिळलेला रस तिथवर पोचत नाही. लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांनी दिसतात, बहुधा जबडा आवळण्यापासून. म्हणजे ‘तीन दिवसांत बरी’ दिसणारी जखमही जीव घेऊ शकते. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

‘साइड इफेक्ट शून्य’: झाडपाल्याचं औषध म्हणजे अपाय नाहीच, असं मानणाऱ्यानं बिबा पाहिलेला दिसत नाही. तेही झाडाचंच औषध. टाचेच्या भेगेत त्याच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा टिपका देतात. जरा जास्त झालं, की बिबा उततो आणि पाय फोडांनी भरतो.