चिमटा कुणाच्या हातात?

अनलिमिटेड कोरियन बार्बेक्यूला, म्हणजे ठरावीक पैशांत हवं तेवढं मांस टेबलावरच स्वतः भाजून खायला, घरची सगळी मंडळी घेऊन जाणार असाल तर मेनू नंतर बघा. आधी चिमटा कोण धरणार ते ठरवा. मी हे अगदी मनापासून सांगतेय.

परवा आम्ही सगळे लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमध्ये जेवायला गेलो होतो. कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई, दीर-जाऊ, त्यांची कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि आम्ही. टेबलाच्या मधोमध शेगडी, वर जाळी. बसल्याबसल्या बानचानच्या, म्हणजे तोंडीलावण्यांच्या, वाट्या आल्या: किमची, मोडांची कोशिंबीर, मुळ्याचं लोणचं. मग कच्च्या पोर्कची ताटली आली, सोबत चिमटा आणि कात्री. जाऊबाईंनी चिमटा उचलला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नाही.

साम्ग्योपसाल म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या चरबीदार लांब पट्ट्या. त्यांची एक बाजू सोनेरी झाली की उलटायच्या, मग कात्रीने घासाएवढे तुकडे करायचे. जाळीवरून नजर हटवून चालत नाही. जाऊबाई उलटत होत्या, कापत होत्या, प्रत्येकाच्या ताटलीत टाकत होत्या. मुलं हात पुढे करत होती. जाऊबाईंच्या स्वतःच्या ताटलीतले तुकडे मात्र गार होऊन त्यांवर पांढरी चरबी धरली होती.

घरी गरम पोळ्या वाढताना जे होतं तेच इथे झालं. माणशी तीस-चाळीस डॉलर मोजून आपण बाईला स्वयंपाकघरातून बाहेर काढतो आणि शेगडी तिच्या पुढ्यात आणून ठेवतो! मला ते बघवेना. मी चिमटा त्यांच्या हातातून घेतला आणि मोठ्या पुतण्याला दिला.

यात त्याच्यावर अन्याय नाही. खुद्द कोरियात ऑफिसची मंडळी एकत्र जेवायला बसली की मांस भाजायचं काम बहुतेक वेळा सगळ्यात धाकट्याकडे येतं. वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्याशिवाय बाकीच्यांनी सुरुवात करायची नाही, हा तिथला जुना शिरस्ता. चांगल्या हॉटेलांत तर वाढपीच येऊन भाजून, कापून देतात. अनलिमिटेडमध्ये ते काम गिऱ्हाईकावर असतं, म्हणून तर दर परवडतो. मग ते काम वाटून घ्यायला नको का?

पुतण्याने पहिली खेप करपवली. करपू दे. जाळी बदलून मागितली की देतात. दुसऱ्या खेपेला त्याचा हात बसला. आणि जाऊबाईंनी लेट्यूसचं पान तळहातावर घेतलं, त्यात गरम तुकडा, साम्जांग म्हणजे सोयाबीन-मिरचीची दाट चटणी, कच्च्या लसणाची चकती, मिरची घातली, पुरचुंडी करून अख्खा घास तोंडात टाकला. हा घास अर्धा तोडून खायचाच नसतो. सासूबाईंना साम्जांग फार आवडलं, तिखट कमी आहे एवढीच तक्रार.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. आधी साधं मांस भाजा, बुल्गोगीसारखं मुरवलेलं नंतर. त्यातल्या साखरेने जाळी लगेच करपते. घरात बीफ न खाणारे असतील तर सरळ दोन टेबलं घ्या, एकाच जाळीवर मन शांत राहत नाही. शाकाहारी माणसाला मात्र इथे आग्रहाने नेऊ नका. मशरूम, भोपळा, मका मिळतो, पण किमचीतही बहुधा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. सोयाबीनच्या आमटीसारखं जे येतं, त्याचं पाणीही अनेकदा सुक्या मासळीचं असतं.

आणि पैसे वसूल करायच्या नादात ताटल्यांवर ताटल्या मागवू नका. बहुतेक ठिकाणी दीड-दोन तासांची मुदत असते, उरलं तर वेगळे पैसे लावतात. आपल्याकडे खाऊन माजावं, टाकून माजू नये म्हणतात, ते इथे बिलावरच छापून येतं. मुख्य म्हणजे जितकं जास्त मागवाल तितकं भाजणाऱ्याचं काम वाढतं.

"तिला आवडतं गं करायला," असं दीर म्हणाले. असेलही. पण त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात नणंदेकडची मंडळी येणार आहेत, तेव्हा पुन्हा जायचंय. पहिली पाळी दिरांची, मग माझ्या नवऱ्याची. दोघांनाही सांगून झालंय.